आग रामेश्वरी, होडी सोमेश्वरी

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण वापरतो ती दुखणं एकीकडे आणि उपाय भलतीकडे, अशा अर्थानं. शाळेत तेवढाच अर्थ लिहून दोन मार्क मिळतात. पण म्हण नीट ऐकली तर ती मुळात अंतराबद्दल आहे. बंब आहे, चालू आहे, त्यात पाणीही भरलेलं आहे. फक्त तो जिथे उभा आहे तिथे आग नाही.

माझं आजोळ पोलादपूर तालुक्यातलं. त्या बाजूचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास लिहायला बसलं की तो या एका म्हणीत मावतो. दरडी कोसळल्या, पूल वाहून गेला, बस दरीत गेली, इमारत पडली, शहर बुडालं. दर वेळी मदत करणारी माणसं आणि यंत्रं कुठे ना कुठे होती, पण ती घाटाच्या पलीकडे किंवा पाण्याच्या पलीकडे होती. म्हणून एखाद्या नगरपालिकेत नवा बंब आला, बचाव-बोट आली, तिला हार घालून नारळ फोडला, असा फोटो फोनवर दिसला की मी पुढे सरकत नाही. ती बोट राहणार कुठे आणि ती चालवणार कोण, हे त्या बातमीत कुठे आहे का, ते शोधतो. बहुतेकदा नसतं.

पंपवाल्यांचं खातं

‘बंब’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला; पाव, बटाटा, चावी यांच्याच वाटेनं. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप आणि आग विझवणारा जवान म्हणजे आजही ‘बोंबेइरु’, म्हणजे पंपवाला. आपणही या खात्याला यंत्राच्या नावानंच ओळखत आलो. पाणी फेकणारं यंत्र आलं की बंबवाले आले.

हे खातं जन्मानं शहरी आहे. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्यानं आगीपासून शहराचं रक्षण करणं हे पालिकेचं कर्तव्य ठरवलं. आधी घोड्यांनी ओढायचे बंब होते, मग मोटारीचे आले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मारले गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. पुढे ७४व्या घटनादुरुस्तीनं अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांनी करायच्या कामांच्या यादीत गेली.

यादीत नगरपालिका आहे, याचा व्यवहारातला अर्थ असा की महाड शहराला बंब असतो आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीला, तिथल्या रसायनांच्या आगींसाठी, एमआयडीसीचे स्वतःचे बंब असतात. डोंगराच्या उतारावर वीस-पंचवीस घरांची जी वाडी आहे, ती ग्रामपंचायतीत येते. तिथे आग लागली तर विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग आणि हातोहात जाणाऱ्या कळशा, हीच आजोळी माझ्या आजीच्या काळापासून चालत आलेली अग्निशमन सेवा.

आणि महाडची मुख्य अडचण आग नाहीच. महाडची अडचण पाणी आहे.

पाण्याचा रस्ता

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेकडे वळतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उडी घेते. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवरून निघालेलं पाणी पोलादपूरला येईपर्यंत जवळजवळ सगळी उंची उतरलेलं असतं. त्यापुढे महाडपासून समुद्रापर्यंत नदीला उतार असा फारसा नाहीच. महाडला गांधारी येऊन मिळते आणि खालून समुद्राची भरती चढत येते. वर घाटमाथ्यावर ढग फुटावा आणि त्याच वेळी बाणकोटच्या तोंडाशी भरती असावी, की पाण्याला जायला जागा उरत नाही. मग ते महाडच्या बाजारपेठेत शिरतं.

पण ज्या पाण्यानं हे शहर बुडतं, त्याच पाण्यानं ते वसवलं. शहराजवळच्या गांधारपाले लेण्यांत बौद्ध भिक्षू राहत होते, कारण खालून व्यापाराची वाट जात होती. खाडीतून माल वर यायचा आणि इथून घाट चढून देशावर जायचा. अठराव्या शतकात इंग्रजांनी सावित्रीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं, तेही या जलमार्गावर नजर ठेवूनच. बाणकोटहून आत येणाऱ्या मोठ्या बोटी दासगावच्या बंदराला लागायच्या. पुढचे काही मैल लहान होडीनं किंवा पायी.

या वाटेनं आलेला सगळ्यात प्रसिद्ध प्रवासी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरणार होती. धरमतरमार्गे गेलं तर पुढे मोटारवाले बहिष्कार घालतील अशी धास्ती होती. म्हणून २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ या बोटीनं निघाले, रात्री हरिहरेश्वरला थांबले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. तिथे हजारो माणसं वाट पाहत होती. मग सगळे चालत महाडला गेले. मोटारीचा रस्ता दुसऱ्यांच्या हातात होता; पाण्याचा रस्ता मोकळा होता. या एका प्रवासात त्या काळचं महाड दिसतं. इथे अडलेल्या माणसाला होडी सोडवत होती.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूरच्या मधे सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. रस्ता आला. पुढे त्याचा मुंबई-गोवा महामार्ग झाला. एस. टी. आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वेही पूर्ण झाली. बंदरं ओस पडत गेली. हे कोकणात सगळीकडेच झालं आणि त्यात रडण्यासारखं काही नाही, एस. टी.नं जेवढी माणसं शाळेत आणि दवाखान्यात पोचवली तेवढी गलबतांनी कधीच पोचवली नसती. पण बोटींबरोबर एक माहितीही शहरातून गेली. कुठल्या तिथीला पाणी कुठवर चढतं, कुठल्या वळणावर ओढ आहे, कुठे तळाशी वाळू आहे आणि कुठे खडक, हे ज्यांना पोटासाठी ठाऊक असावं लागायचं ती माणसं कमी होत गेली. खाडीवर मासेमारी करणारे आणि हातपाटीनं रेती काढणारे राहिले. बाजारपेठेतल्या माणसाचा नदीशी संबंध पुलावरून खाली बघण्यापुरता उरला.

२००५: सगळं मुंबईकडे

२००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा पाठ असलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. त्याच २५ आणि २६ जुलैला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते इथे डोंगर खाली आले, ही आठवण मात्र रायगडच्या बाहेर फारशी टिकली नाही. जवळपास दोनशे माणसं गेली. जुईतच त्यातली निम्म्याच्या आसपास. ‘पद्मावती’चे प्रवासी ज्या दासगावला उतरले, तेच हे दासगाव.

फोन बंद होते, रस्ते पाण्याखाली होते, महाड शहर स्वतः बुडालेलं होतं आणि राज्याची सगळी यंत्रणा मुंबईत अडकली होती. एनडीआरएफ तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा त्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेनं मंजूर केला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं. महाराष्ट्रासाठीची त्यांची बटालियन पुण्याजवळ, तळेगावच्या बाजूला सुदुंबरे इथे आहे. तिथे प्रशिक्षित माणसं आहेत, कुत्री आहेत, बोटी आहेत, ढिगाऱ्याखालची हालचाल टिपणारी यंत्रं आहेत. पण पुण्याहून महाडला यायचं म्हणजे ताम्हिणी नाहीतर वरंध घाट उतरायचा. बंब सोमेश्वरी आला. घाट मधे राहिला.

पूल, दरी, इमारत

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो १९२८ चा दगडी पूल सावित्रीच्या पुरात गेला. त्याच्यासोबत मुंबईकडे जाणाऱ्या दोन एस. टी. बस आणि एक खासगी गाडी गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्या अंधारात पुढची वाहनं थांबवली ती पुलाजवळच्या एका गॅरेजातल्या माणसानं. पुलावर जाणाऱ्या गाडीचे दिवे अचानक नाहीसे झाले, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या रात्री नेमकी किती माणसं त्याच्यामुळे वाचली हे मोजता येणार नाही, कारण ती पुलावर गेलीच नाहीत.

मग एनडीआरएफ आलं, नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टर आली, क्रेनला बांधून नदीत सोडायला तीनशे किलोचं लोहचुंबक आलं. गढूळ पाणी, भयंकर ओढ आणि त्यात मगरी. पहिल्या बसचा सांगाडा सापडायला नऊ दिवस लागले, आणि तो पुलापासून दोनशे मीटरच्या आसपासच होता. काही मृतदेह खाडीच्या तोंडाशी, समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. सरकारनं नवा पूल १६५ दिवसांत बांधला आणि ५ जून २०१७ ला तो सुरू झाला. पूल किती झपाट्यानं बांधता येतो ते आपल्याला त्या वेळी कळलं.

२८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला जाताना पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३४ जणांपैकी ३३ गेले. वाचलेला एक जण दरी चढून रस्त्यावर आला, तेव्हा जगाला कळलं. शेकडो फूट खाली, निसरड्या झाडीत, पावसात दोर सोडून उतरले ते महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडचे गिर्यारोहक. सुट्टीच्या दिवशी कडे चढणारी ही पोरं. त्यांच्याकडे दोर होते, डोंगराची सवय होती आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती जवळ होती.

२४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी महाडमधली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत पडली. सोळा माणसं गेली. हाताला लागतील ती माणसं आधी शेजाऱ्यांनी काढली. पुण्याहून एनडीआरएफच्या तुकड्या रात्रीतून रस्त्यानं पोचल्या, ठाणे महापालिकेचं बचाव पथक आलं. सुमारे १९ तासांनी चार वर्षांचा एक मुलगा आणि सुमारे २६ तासांनी एक बाई ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आली.

हे तास लक्षात ठेवा, कारण पुढच्याच वर्षी त्यांचा हिशोब उलटा झाला.

२२ जुलै २०२१

त्या दिवशी आणि रात्री मिळून महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो खाली उतरणारच होता. महाड बुडालं, दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी गेलं. तिकडे चिपळूणही बुडालं, म्हणजे कोकणात जेवढ्या बोटी होत्या त्यांना एकाच वेळी दोन शहरांतून हाका होत्या.

त्याच दुपारी महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. तळीयेत ऐंशीहून जास्त माणसं गेली.

तारिक गार्डनच्या वेळी रस्ते चालू होते. या वेळी वरंध आणि आंबेनळी, दोन्ही घाटांत रस्ते खचले होते. महामार्गावर महाडच पाण्यात होतं. मुंबईहून, कुलाब्याच्या ‘आयएनएस शिक्रा’ तळावरून नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर निघालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दुपारी आणि रात्री तळीयेत होती ती आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं, हातात घमेली आणि फावडी घेतलेली. बाहेरची पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. २६ जुलैला शोध थांबवला, तेव्हा तीसहून जास्त जणांचे देह मातीतच राहिले.

महाडमधल्या ढिगाऱ्यातून १९ तासांनी मूल जिवंत निघालं, कारण माणसं आणि यंत्रं रात्रीतून पोचली. तळीयेतला ढिगारा वेगळा होता, माती आणि पाणी सिमेंटच्या पोकळीसारखी हवा राखत नाहीत, हे खरं. तरीही दोन्हीकडे यंत्रणा तीच होती, जिल्हा तोच होता. फरक रस्त्याचा होता. जी मदत रस्त्यानं यायची, ती रस्ता असेपर्यंतच येते. आणि ज्या दिवशी तिची गरज सगळ्यात जास्त, त्या दिवशी रस्ता नसतो.

नव्या बोटीला काय विचारायचं

२०२१ नंतर बरंच काही झालं. सावित्री आणि गांधारीतला गाळ काढायला घेतला. एनडीआरएफचा कायमचा तळ महाडलाच हवा, ही मागणी जोरात आली. पावसाळ्यात त्यांची तुकडी महाडला आधीच आणून ठेवायला सुरुवात झाली. म्हणीचं उत्तर हेच आहे, आणि दोन पिढ्यांनी ते आपण स्वीकारलं. पण तुकडी पाहुणी असते. त्यांना बोट चालवता येते. काजळपुऱ्यातली कुठली गल्ली उतरती आहे, कुठल्या वळणावर गटार उघडं आहे, कुठल्या घराच्या माळ्यावर अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

बचाव-बोट ही तशी साधी गोष्ट असते. हवा भरलेल्या रबरी नळ्या, मागच्या फळीवर बसवलेलं पेट्रोलचं इंजिन, बसायला आठ-दहा माणसं. पण शहरातल्या पुरात ती चालवणं नदीत चालवण्यापेक्षा अवघड. पंख्यात प्लॅस्टिक आणि दोऱ्या अडकतात. पत्र्याची एक कड रबर फाडते. विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर येतात. दोन इमारतींच्या मधे पाण्याचा जोर अचानक दुप्पट होतो. आणि अकरा महिने गोदामात पडून राहिलेलं इंजिन बाराव्या महिन्यात सुरू होईलच असं नाही. रबरही पडून पडून चिरतं, उंदीर कुरतडतात ते वेगळंच.

बंबाचंही तसंच. पुराच्या दिवशी पाच-सहा फूट पाण्यात बंब हलू शकत नाही. तो आधीच उंचावर नेऊन ठेवला नसेल तर तोच बुडतो. त्याचं काम पूर ओसरल्यावर सुरू होतं. २०२१ मध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडची सफाई पथकं महाडला आली, तेव्हा शहराला सगळ्यात जास्त गरज जोरात फेकलेल्या पाण्याची होती, कारण प्रत्येक घरात आणि दुकानात चिखल होता. आणि डोंगरावरच्या वाडीला बंबही उपयोगाचा नाही, बोटही नाही. तिला दोर, फावडी, मोठे दिवे आणि मोबाइलचा टॉवर पडल्यावरही चालणारा एखादा बिनतारी संच हवा. सगळं मिळून एका खोलीत मावेल. त्याला हार घालून फोटो काढता येत नाही, म्हणून ते यायला वेळ लागतो.

केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावातल्याच तरुण-तरुणींना बचावकार्य शिकवतात. मला या सगळ्यात तीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गॅरेजातला तो माणूस, आंबेनळीत उतरलेली पोरं, तळीयेत घमेली घेऊन धावलेले शेजारी, यांना कुणी नेमलं नव्हतं. ते तिथे होते, एवढंच. शिकवायचं ते त्यांना, दोर आणि बोट द्यायची ती त्यांच्या हातात. खाडीवर ज्यांनी आयुष्य काढलं त्या होडीवाल्यांना पालिकेच्या यादीत नाव, जाकीट आणि पावसाळ्याचे चार महिने मानधन मिळालं, तर १९२८ पासून शहराची जी माहिती वाहून गेली, तिच्यातली थोडी परत येईल.

तेव्हा तुमच्या गावात नवा बंब, नवी बोट आल्याचा फोटो दिसला, तर लाइक जरूर करा. ती यायलाच हवी होती. मग खाली तीन प्रश्न विचारा. पाणी चढलं तर ही राहणार कुठे? चालवणाऱ्यांची नावं काय, आणि त्यातले किती जण याच गावात झोपतात? आणि यंदाच्या मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना, ती किती वेळा पाण्यात उतरवली?